तिसऱ्या राजाचा झगा

श्टुटगार्ट,
रविवार, ३ फेब्रुवारी २०१९

प्रिय इरा,

अक्षर ओळखलं असशील, आणि पाकीट न उघडताच फेकून द्यावं असं वाटलं असेल तर तेही मला समजतं. ‘आता मला लिहू नकोस, हृषी,’ असं तू बर्लिनच्या स्टेशनवर म्हणालीस आणि मी ‘बरं’ म्हटलं. एखाद्या गोष्टीला ‘बरं’ म्हणून ती पाळली असं माझ्या हातून फारसं झालेलं नाही, पण हे एक पाळलं. मनातल्या मनात तुला काय काय लिहिलं ते सोड. प्रत्यक्षात एक ओळ पाठवली नाही. तुझ्या साखरपुड्याचं कळलं तेव्हाही नाही, आणि त्या दिवशी माझी काय अवस्था होती ते विचारू नकोस. तेव्हा आज लिहितोय म्हणजे कारण तसंच असणार एवढं धरून चाल आणि शेवटपर्यंत वाच. मला थेट मुद्द्यावर येता येत नाही हे तुला माहीत आहे. या पत्रात सेलाम नावाची एक मुलगी आहे, तेरा वर्षांची, आपल्याच शाळेत सातवीत. तिचं त्या शाळेत नीट चालावं म्हणून गेलं दीड वर्ष काही माणसं धडपडत होती, आणि त्यांच्यात मी होतो.

आधी माझी खबर, म्हणजे मीनलकाकूंकडून तुला उलटसुलट कळलं असेल तर दुरुस्त होईल. मी बर्लिन सोडून परत आलो, पण झिंडेलफिंगेनला घरी नाही. श्टुटगार्टमध्ये दोन पोरांबरोबर एक वोनुंग घेतलंय, त्यातली सगळ्यात लहान खोली माझी. पार्सलची व्हॅन चालवतो. बाबा अजून माझ्याशी थेट बोलत नाहीत. रविवारी जेवायला गेलो की मी समोर बसलेला असताना आईला सांगतात, ‘त्याला विचार, आमटी हवी का.’ आई मला विचारते, मी आईला सांगतो, आई त्यांना सांगते. त्यांच्या प्लांटमधल्या प्रत्येक मराठी इंजिनिअरचा मुलगा कुठे ना कुठे मास्टर्स करतोय आणि त्यांचा एकुलता एक मुलगा मशीनबाऊचं इंजिनिअरिंग अर्धवट सोडून लोकांच्या चपला पोचवतोय. मी त्यांच्याशी भांडत नाही आता. कुणाशीच भांडत नाही फारसा. हे वाचून तू हसशील, पण पुढे वाचलंस की कळेल.

सुरुवात शाळेच्या पन्नाशीपासून झाली. २०१७च्या उन्हाळ्यात शाळेने फेसबुकवर जुने फोटो टाकायला घेतले. नाटकं, स्कीच्या सहली, आणि सहा जानेवारीची, बाळ येशूला बघायला आलेल्या तीन राजांची फेरी. तुला तिचं वर्णन काय सांगायचं, तू आणि मी दोघं त्यात होतो. तीन पोरं राजे व्हायची, चौथं काठीवरचा सोनेरी तारा धरून पुढे, बर्फातून घरोघर गाणी म्हणत जायचं, आफ्रिकेतल्या गरीब मुलांसाठी डब्यात पैसे गोळा करायचे आणि दारावर खडूने आशीर्वाद लिहायचा. पहिला राजा लाल झग्यातला, दुसरा हिरव्या, तिसरा जांभळ्या. तिसरा आफ्रिकेहून आलेला, म्हणून काळा. तर मेविस नावाच्या एका बाईने त्या सगळ्या फोटोंमधून सात वेगळे काढले आणि एकाशेजारी एक लावले. वर्षं वेगळी, झगा तोच. खांद्यावरची उसवलेली झालरसुद्धा तीच. आणि आत दर वेळी त्या वर्षीचं शाळेतलं एकुलतं एक काळं पोर. खाली तिने लिहिलं होतं, ‘हा झगा ज्यांनी ज्यांनी घातला ते सगळे कुठे आहेत? मला तुम्हाला भेटायचंय.’ सातातला एक फोटो माझा होता.

तुला आठवतंय ना ते वर्ष. तेव्हा शाळेत एकही आफ्रिकन मूल नव्हतं, म्हणून झगा माझ्या अंगावर आला. पण मी पुरेसा काळा नव्हतो. मग आपल्या वर्गशिक्षिकेने, फ्राउ हेगेलेने, बाटलीचं बूच मेणबत्तीवर जाळलं आणि माझे गाल, कपाळ, नाक सगळं रंगवलं. किती प्रेमाने रंगवत होती, जीभ बाहेर काढून, चित्र काढावं तशी. तू गोरी म्हणून तुझ्या हातात तारा. आमच्याकडे तर आनंदीआनंद. बाबांनी सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवला, ‘येऊन दोन वर्षं झाली नाहीत आणि पोराला राजा केलं शाळेने.’ फक्त कोल्हापूरहून कुंदाआत्याचा फोन आला, ‘वहिनी, तोंडाला काळं कशाला फासलंय गं त्याच्या? काय गुन्हा केला पोराने?’ आई म्हणाली, ‘तसं नाही हो वन्सं, तो इकडचा सण आहे.’ पण फोन ठेवल्यावर ती फ्रिजवरच्या त्या फोटोकडे बराच वेळ बघत होती. आणि फेरी संपल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात साबणाने ते काळं निघेना तेव्हा तू काय केलंस? डब्यातली तूप-साखरेची पोळी उलगडलीस आणि तिनेच माझे गाल पुसलेस. हसली नाहीस. मग ती काळी झालेली पोळी आपण टाकून दिली. मला फार भूक लागली होती. माझं सगळं तिथून सुरू झालं, इरा. तुझं कुठून सुरू झालं, झालं की नाही, ते मला अजून नक्की माहीत नाही.

असो. मेविस दातांची डॉक्टर आहे, एसलिंगेनला तिचा दवाखाना. आईवडील घानाचे, ती इथलीच. पहिल्यांदा आम्ही सगळे एका रविवारी तिच्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत भेटलो. भिंतीवर किडलेल्या दातांची चित्रं, कोपऱ्यात मुलांची खेळणी आणि मधे सात मोठी माणसं, बसायचं कसं आणि बोलायचं काय हे न कळणारी. मी आत गेलो तर योनास म्हणून एकजण, एरिट्रियाच्या आईबापाचा, महापालिकेत कॉम्प्युटरचं बघतो, त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, ‘तू कुठला काळा?’ मी म्हटलं, ‘पुण्याचा.’ तो म्हणाला, ‘आल्झो, म्हणजे तू भाड्याने आणलेला राजा.’ सगळे इतके हसले की त्या हसण्यातच अवघडलेपण संपलं. तेव्हापासून माझं नाव भाडेकरू. ‘भाडेकरू, कॉफी आण.’ ‘भाडेकरू, तुला मत आहे का इथे?’ मला कॉलेजात कधी एवढं आपलं वाटलं नव्हतं. त्या दिवशी एकेकाने सांगितलं आणि कळलं की त्या झग्याबद्दल कुणीच कधी कुणाला काही सांगितलं नव्हतं. मेविस तर म्हणाली, तिच्या नवऱ्यालाही माहीत नाही. मग ठरलं की शाळेला कळवायचं, तुमच्याकडे आत्ता जी अशी मुलं आहेत त्यांच्यासाठी आम्ही आहोत, अभ्यास असो, काही असो. आमच्या वेळी आमच्यासाठी कुणी नव्हतं, एवढंच. शाळेलाही आनंद झाला, त्यांनी ते पालकांना कळवलं.

पहिला आणि शेवटला फोन सेलामच्या आईचा. वृद्धाश्रमात कामाला, नवरा नाही. तिने विचारलं, ‘माझ्या मुलीला गणित जमत नाही. तुमच्यात कुणाला येतं का?’ सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. योनास म्हणाला, ‘अर्धा इंजिनिअर आहे, सातवीपर्यंत पुरेल.’ तर असा मी शनिवारचा मास्तर झालो. सकाळी अकराला, दवाखाना बंद असायचा तेव्हा, त्याच खोलीत. सेलाम तेव्हा सहावीत. बारीक, उंच, दप्तराचे बंद इतके घट्ट की पाठीला चिकटलेलं. गणितात पाच मिळालेले, म्हणजे इथले पाच, नापासाच्या काठावरचे. पाढे पाठ नव्हते, हेच मूळ. इथे पाढे कोण म्हणून घेतं? मी म्हटलं, चल, आमच्या पद्धतीने. जर्मनमध्ये चाल लागेना, तर मी सरळ मराठीत सुरू केलं. बे एके बे, बे दुणे चार. तिला वाटलं गाणं आहे. महिन्याभरात ती पोरगी एसलिंगेनच्या दवाखान्यात बसून ‘बारा पंचे साठ’ म्हणत होती, आणि तेही आपल्या बालवाडीतल्या बाईंच्या सुरात. त्याचा अर्थ काय ते तिला माहीत, भाषा कुठली ते तिला बिनमहत्त्वाचं. मेविस दारात उभी राहून ऐकायची. मला वाटायचं, तू हे ऐकायला हवं होतंस.

मग २०१८चा जानेवारी. सेलामने स्वतःच मला फोनवर फोटो दाखवला. ‘बघ ना, मी राजा झाले होते.’ जांभळा झगा, उसवलेली झालर. गालावर काही फासलं नव्हतं, तिला गरज नव्हती. इतकी खूश होती. मी ‘छान’ म्हटलं आणि अपूर्णांक काढले. पण फोटो शाळेच्या पानावरही होता, संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी बघितला होता. इतकी वर्षं गेली आणि झगा अजून बरोबर त्याच पोराला शोधत येतोय. मला सरळ उठून शाळेत जायचं होतं आणि त्या झग्याचं कपाट उलथं करायचं होतं. मेविस म्हणाली, ‘नाही. आपण नीट जायचं. पद्धतशीर.’ त्या पद्धतशीरमध्ये जवळजवळ वर्ष गेलं. भेटी, ईमेल, कुणाची सुट्टी, कुणाचं बाळंतपण. शेवटी नोव्हेंबरमध्ये मुख्याध्यापकांनी वेळ दिली. निघताना मेविसने माझ्या एका हातात कॉफीचा मोठा थर्मास दिला आणि दुसऱ्या हातात केकचा डबा. म्हणाली, ‘भाडेकरू, तुझे दोन्ही हात भरलेले असलेले बरे.’

आम्ही फोटो मोठे करून नेले होते. त्यांच्या टेबलावर ओळीने मांडले. सात आमचे, आठवा सेलामचा. मेविसने फक्त वर्षं सांगितली. आणि इरा, तो माणूस भला निघाला. मी तयारी काय करून गेलो होतो, तो हुज्जत घालणार, ‘ही परंपरा आहे’ म्हणणार, मग मी थर्मास खाली ठेवणार. तर त्याचे डोळे भरून आले. ‘गेनाऊ,’ म्हणायचा, ‘गेनाऊ, अगदी बरोबर, आमच्या कधी लक्षातच आलं नाही.’ त्याने प्रत्येकाशी हात मिळवला, माझा हात मिळवायला केकचा डबा स्वतः धरला. रडवेल्या भल्या माणसाशी भांडायचं कसं ते मला कुणी शिकवलेलं नाही. आमचं मागणं एवढंसं होतं, झगा कुणाला द्यायचा त्याची चिठ्ठी काढा, निळ्या डोळ्यांचं पोर आलं तरी चालेल. तो म्हणाला, विचार करतो. परतताना गाडीत सगळे गात होते. योनासने मला पहिल्यांदा नावाने हाक मारली.

डिसेंबरात शाळेने सगळ्या पालकांना पत्र धाडलं. एका विद्यार्थिनीच्या भावनांचा आदर राखून या वर्षीपासून तीन राजांची फेरी होणार नाही. नाव नव्हतं. पण शाळेत तशी विद्यार्थिनी एकच आहे, नाव लिहायची गरज काय? कुणी तिला शिवी दिली नाही, ढकललं नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं असं मला रागाच्या भरात वाटतं, निदान मला कुठे जायचं ते कळलं असतं. फक्त पोरं तिला म्हणायची, ‘तुझ्यामुळे गेली ना फेरी.’ वर्षानुवर्षं गावातली म्हातारी माणसं त्या पोरांची वाट बघायची, चॉकलेटं तयार ठेवायची. तेही आता तिच्यामुळे. वर्गातल्या एकीच्या वाढदिवसाला सगळ्या मुलींना बोलावणं, तिचं राहून गेलं. आणि भूगोलाच्या तासाला आफ्रिकेचा नकाशा उघडला की बाई थांबायच्या, सगळ्या वर्गासमोर विचारायच्या, ‘सेलाम, तुला चालेल ना?’ विचार कर, तेरा वर्षांच्या पोरीला. नकाशा उघडू का म्हणून.

ती पुढचे दोन शनिवार आली नाही. तिसऱ्या शनिवारी तिची आई आली, एकटीच. कामावरून तशीच आलेली, पायात ते पांढरे मऊ बूट. आम्ही सगळे तिथे होतो, पुढे काय करायचं ते ठरवायला जमलो होतो. योनासने खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. तिच्याकडून कळलं ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आदल्या वर्षी जे तीन राजे होते त्यांच्यातून यंदा तारा कुणी धरायचा याची वर्गात चिठ्ठी निघाली होती, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, आम्ही मुख्याध्यापकांना भेटायच्या आधी. चिठ्ठी सेलामची निघाली होती. तारा धरणारी म्हणजे सगळ्यांच्या पुढे. तिने आम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं, आईलाही गप्प राहायला लावलं होतं. सहा जानेवारीला मेविसला, योनासला, मला, सगळ्यांना काही न सांगता बोलवायचं आणि आम्ही बघत असताना पुढे चालत यायचं, असं तिच्या डोक्यात होतं. कुठला कोट घालणार तेही ठरलं होतं. एवढं सांगून ती बाई अगदी हळू म्हणाली, ‘मी तुमच्याकडे गणित मागितलं होतं.’

आणि ती निघाली. योनास त्यांच्या भाषेत काहीतरी बोलत तिच्यामागे जिन्यापर्यंत गेला. परत आला तो म्हणाला, ‘ती आपल्याला शिव्या देत नाहीये. आभार मानतेय.’ आणि खेळण्यांच्या कोपऱ्यात जाऊन बसला, एवढा मोठा माणूस, लाकडी आगगाडी हातात घेऊन. आम्ही चुकलो होतो असं मला म्हणता येत नाही. तो झगा तसाच पुढच्या पोरापर्यंत जाऊ द्यायचा होता का? आणि बरोबर होतो असंही म्हणता येत नाही, कारण आमच्यातल्या एकानेही त्या पोरीला विचारलं नाही. आम्ही तिच्यासाठी गेलो होतो आणि टेबलावर आठातले सात फोटो आमचे होते. हे मी कुणाला सांगू? बाबांना? ते आईला सांगतील, ‘त्याला म्हणावं, आधी स्वतःचं बघ.’

सोमवारी मी काय केलं असेल ते तू ओळखशील. व्हॅन घेऊन शाळेच्या टेकडीवर गेलो. माझ्या फेरीत शाळा येतच नाही, दुसऱ्या ड्रायव्हरकडून त्यांचं पार्सल मागून घेतलं. काय करणार होतो ते मलाही माहीत नव्हतं, पण काहीतरी फोडणार होतो हे नक्की. ऑफिसात आपल्या वेळच्या त्याच सेक्रेटरीबाई. मला बघून उभ्याच राहिल्या, ‘हृषी? किती मोठा झालास, आई कशी आहे?’ पार्सल घेतलं, सही केली आणि ड्रॉवरमधून ब्रेत्सेल काढून माझ्या हातात दिला. मी थँक्यू म्हटलं. बाहेर येऊन व्हॅनमध्ये बसलो आणि तो ब्रेत्सेल खाल्ला. पूर्ण. असा माझा राग, इरा. तुला त्याची भीती वाटायची ना? आता भीती वाटावी असं त्यात काही राहिलेलं नाही.

सेलाम एकदाच आली नंतर, गेल्याच्या गेल्या शनिवारी. अर्धवार्षिक निकालात गणितात तीन मिळाले होते, ते दाखवायला. पाचावरून वर चढून तीन, म्हणजे केवढं. मला इतका आनंद झाला की मी बोलूच शकलो नाही, आणि तिला वाटलं मी रागावलोय. मग नेहमीसारखे बसलो. ऋण संख्या चालू होत्या. उणे सात वजा उणे तीन. ती सोडवत होती आणि पेन्सिल न थांबवता तिने विचारलं, ‘हृषी, तुला आवडलं होतं का राजा व्हायला?’ मी इकडे तिकडे बघितलं. मेविस आत होती. गेल्या दीड वर्षात मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी काय बोललो असतो ते सगळ्यांना तोंडपाठ आहे. मी म्हटलं, ‘हो. बाहेर पडलो तेव्हा खूप आवडलं होतं. लोक दारं उघडायचे ना आपल्यासाठी.’ ती म्हणाली, ‘हो ना. मलापण.’ आणि लिहिलं, उणे चार. उत्तर बरोबर होतं. मग आम्ही पुढचं घेतलं.

आता का लिहितोय ते. सेलामने शाळा सोडली. तिच्या आईने ड्युसेलडॉर्फच्या एका वृद्धाश्रमात काम धरलंय, तिची बहीण तिथे बिल्कमध्ये राहते, त्या तिच्याकडेच उतरल्यात. काल शनिवारी मीच त्यांचं सामान पोचवलं, व्हॅन मागून घेतली होती. म्हणजे काल मी तुझ्या गावात होतो. खोकी तिसऱ्या मजल्यावर चढवली, सेलामच्या मावशीने जेवायला घातलं, मग नदीपर्यंत चालत गेलो. पलीकडे तू राहतेस हे मला माहीत आहे, आईने न विचारता सांगितलं होतं. फोन केला नाही. उभा राहिलो आणि परत आलो. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याची, क्षितिजची गाठ पडू नये म्हणून नव्हे, तो चांगला मुलगा आहे असं सगळेच सांगतात आणि मला त्याच्याबद्दल वाईट बोलायला काही सापडत नाही. एक सांगायचं होतं आणि ते तोंडाने सांगायला गेलो असतो तर मी दुसरंच काहीतरी बोलत सुटलो असतो. सेलाम उद्या सोमवारपासून नव्या शाळेत जाईल. तिथे बीजगणित पुढे गेलंय, तिला ते एकटीला झेपणार नाही, आणि मला त्या शहरात गणित येणारा एकच माणूस माहीत आहे. तू विमा कंपनीत माणसं कधी मरतील याची गणितं करतेस ना दिवसभर, तसा शनिवारचा एक तास तिला दे. पत्ता मागच्या बाजूला आहे. गेलीस तर माझं नाव घेऊ नकोस, आणि झग्याचं, फेरीचं काही विचारू नकोस, ती स्वतः बोलली तर ऐक. कळलं नसलं तरी ती ‘कळलं’ म्हणते, तेव्हा पेन्सिल दाताखाली असते, तेवढं बघ. पाढे अडले तर मराठीत सुरू कर, पुढचं ती म्हणेल. मला उत्तर पाठवू नकोस, गेलीस की नाही तेही कळवू नकोस, मी विचारणार नाही. त्यांना मी तुझ्याबद्दल काही बोललेलो नाही, त्यामुळे तू नाही गेलीस तर तिथे कुणाचा हिरमोड होणार नाही. कुणी येणार आहे हे तिला माहीतच नाही. तुला तेवढं आता माहीत आहे.

‘तुझाच’ लिहायची सवय हाताला आहे, ती आवरून,
नुसता
हृषिकेश